जुन्या फळीवर नवी फळी

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्यानें केली त्यानें बांधलेलें घर पुढें शंभर वर्षें राखून पाहिलें नसावें. नाहीं तर ‘छप्पर पाहावें शाकारून’ असा तिसरा चरण त्यानें खात्रीनें जोडला असता. लग्न एकदां होतें, घरहि एकदां बांधून होतें. परंतु छप्पर दरसाल मृगाच्या पहिल्या सरीबरोबर घरधन्याची नव्यानें परीक्षा घेतें. आम्हीं आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेण्याचाच धंदा केला. ती देण्याची पाळी उतारवयांत आमच्यावर आली तेव्हां काय झालें, तें येथें सांगावयाचें आहे. त्यांत थोडा सुतारकामाचा तपशील येईल. ज्यांचीं घरें कौलारू आहेत त्यांना तो उपयोगीं पडेल, आणि ज्यांचीं नाहींत त्यांनीं तो म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून द्यावा.

आमचें घर दापोली तालुक्यांत, समुद्रापासून कोस-दीड कोसावर आहे. आजोबांनीं तें १९३१ सालीं बांधिलें. भिंती जांभ्या दगडाच्या, खांब व वासे ऐनाचे, आणि वर मंगळुरी कौलें. मंगळुरास बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें हीं तांबडीं, खांचेंत खांच बसणारीं कौलें गलबतांतून कोंकणच्या बंदरांवर उतरूं लागलीं. आमच्याकडील गवताचीं व नळीच्या कौलांचीं छपरें त्यांच्यापुढें हळूहळू मागें पडलीं. आजोबांनीं आणलेल्या कौलांपैकीं कांहीं अद्यापि शाबूत आहेत. त्यांच्या पोटावर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का आहे; शाकारणीच्या वेळीं तो लावून लावून वाचणें हा आम्हां मुलांचा इंग्रजीचा पहिला धडा असे.

मूळ छपराला वाशांवर नुसत्या रिपा व रिपांवर कौलें, एवढेंच होतें. रात्रीं अंथरुणावर पडलें म्हणजे कौलांच्या फटींतून चांदणें दिसे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा भूकंप झाला. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों. जागे झालों तों घरभर धुरळा, आई देवाचें नांव घेत आहे, वडील कंदील शोधीत आहेत. उजाडल्यावर पाहिलें तेव्हां पश्चिमेकडील पाख्याचीं तीस-चाळीस कौलें घसरून आंत आलीं होतीं, आणि त्यांतील एक आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, उशीपासून वीतभर अंतरावर फुटलें होतें. वडील त्या दिवशीं कोणाशीं फारसें बोलले नाहींत. परंतु पुढच्या उन्हाळ्यांत त्यांनीं सर्व कौलें उतरविलीं, वाशांवर इंचभर जाडीच्या फळ्या ठोकून घेतल्या, त्यांना काजूच्या टरफलांचें काळें तेल पाजलें, आणि वर पुन्हां रिपा व कौलें चढविलीं. आमचें चांदणें त्या दिवसापासून गेलें. पण आईला झोप लागूं लागली.

त्या फळ्यांनीं बावन्न वर्षें इमानानें चाकरी केली. मग ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें आणि त्याचा तडाखा आमच्या दापोली-मंडणगडाकडेहि बसला. दुपारच्या दोन-तीन तासांत कौलें पाचोळ्यासारखीं उडालीं. नारळी-पोफळींचें जें झालें त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलेलें आहे, म्हणून येथें करीत नाहीं. साथीचे दिवस, मजूर मिळेना, कौल मिळेना. ताडपत्र्या बांधून आम्हीं तो पावसाळा काढला. कौलें पुढें चढलीं, परंतु आठवडेच्या आठवडे भिजलेल्या फळ्यांनीं मान टाकली. कांहीं पन्हळीसारख्या वांकल्या, कांहींच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. त्यांत वानरांची भर. एक टोळी आंब्यावरून छपरावर आणि छपरावरून फणसावर गेली कीं मागें आठ-दहा कौलें फुटलेलीं. वाऱ्याबरोबर उलटा येणारा पाऊस कौलांखालीं शिरणारच. पूर्वीं तो फळीवरून वाहून वळचणीला जाई, आतां तो फटींतून थेट माजघरांत येऊं लागला.

घरांत खल झाला. दादा २०१६ सालीं गेले. वहिनी आमच्याबरोबर गांवींच असतात, आणि त्यांचे चिरंजीव पुण्यास इंजिनिअर आहेत. घराच्या मोठ्या खर्चाचा भार तेच उचलतात, म्हणून त्यांच्या मताला वजन होतें, आणि असावेंच. त्यांचें मत असें कीं, कौलें, रिपा, फळ्या, सारें उतरवून लोखंडी कैच्या व पत्रे घालावे. आमच्या भोंवतालच्या कित्येक घरांनीं तेंच केलें आहे. आम्ही त्यांना नांवें ठेवीत नाहीं, कारण वानरांचा उपद्रव पत्र्यानें खरोखरच कमी होतो. परंतु वैशाखांतील उन्हांत पत्र्याखालीं बसणें आणि आषाढांतील पावसांत पत्र्याखालीं बोलणें, या दोन्ही गोष्टी आमच्या वयाला झेपणाऱ्या नव्हेत. शिवाय, खरें सांगावयाचें तर, त्या फळ्या वडिलांनीं बसविलेल्या होत्या.

अखेर मधला मार्ग निघाला. जुन्या फळ्या काढावयाच्या नाहींत. त्यांच्यावरच पाण्यांत न उकलणाऱ्या प्लायवूडचे नवे तक्ते ठोकावयाचे, वर पाणी अडविणारा पडदा, मग रिपा, आणि पुन्हां आमचीं तींच कौलें. पुण्याहून एकच अट आली. “काका, जुन्या फळ्या भक्कम असतील तरच. तुम्ही स्वतः तपासून कळवा.”

आम्हीं तपासल्या. म्हणजे पूर्वेच्या पडवींत शिडी लावून चार फळ्यांवर काठीनें ठोकून पाहिलें. पश्चिमेची खोली वहिनींची. तेथें शिडी लावण्यास त्यांची खाट व देवांचा चौरंग हलवावा लागला असता. त्या खोलींतील छताच्या कोपऱ्यांत एक काळपट डाग होता, तो आम्हीं दारांतून पाहिला. आणि तो जुनाच असावा असें स्वतःस सांगितलें. नंतर पुण्यास कळविलें, “फळ्या ठणठणीत आहेत.”

२०२२ च्या एप्रिलांत काम सुरूं झालें. सुतार गांवचाच, आमच्या हाताखालीं नववीपर्यंत शिकलेला. संस्कृतांत त्याची गति बेताची होती. मात्र भूमितींत त्याची आकृति अशी सुरेख येई कीं, ती पाहून आम्ही सिद्धतेचे गुण सढळ हातानें देत असूं, हें आठवतें. १९६८ सालच्या फळ्या त्याच्या वडिलांनीं ठोकलेल्या होत्या.

जुन्या फळ्यांवर नवा तक्ता ठोकणें हें ऐकावयास सोपें वाटतें. त्यांतील पहिली गोष्ट भाराची. मंगळुरी कौल सुमारें अडीच किलोचें, आणि एका चौरस मीटरास पंधराएक कौलें बसतात. म्हणजे पस्तीस ते चाळीस किलो भार वासे आधींच वाहत असतात. बारा मिलिमीटरचा प्लायवूड चौरस मीटरास आठएक किलो भरतो. कौलांच्या भाराचा जवळजवळ पांचवा हिस्सा नव्यानें चढावयाचा, तर वासे तो सोसतील कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें. दुसरी गोष्ट खिळ्याची. नवा तक्ता नुसत्या जुन्या फळींत ठोकून भागत नाहीं. वादळानें उचलला तर तो फळीसकट जाईल. खिळा नवा तक्ता भेदून, जुनी फळी भेदून, वाशांत निदान इंचभर रुतला पाहिजे. अर्धा इंच तक्ता, एक इंच फळी, एक इंच वासा, असा हिशेब करून त्यानें अडीच इंची, अंगावर कडीं असलेले खिळे आणविले. आणि तक्ता पसरला कीं खालचे वासे दिसेनासे होतात, म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंत प्रत्येक वाशाच्या मध्यावर त्यानें आधींच रंगीत दोरी ताणून रेघा मारण्याचें ठरविलें. हें सर्व तो आम्हांस असें समजावून देत होता कीं, आपण शिक्षक आणि तो विद्यार्थी हें आम्ही घटकाभर विसरलों.

पूर्वेचा पाखा उत्तम निघाला. कौलें उतरलीं, रिपा निघाल्या, जुन्या खिळ्यांचीं डोकीं उपटलीं गेलीं. प्रत्येक फळीवर हातोडीचा हलका ठोका पडे आणि टणत्कार उठे. फणसाचें लाकूड; चौपन्न वर्षांच्या धुरानें व तेलानें काळें पडलेलें, पण रंध्याचा एक हात फिरवितांच आंत हळदीसारखें पिवळें. आम्ही खालीं अंगणांत उभे राहून प्रत्येक ठोक्याला मान डोलवीत होतों.

तिसऱ्या दिवशीं पश्चिमेचा पाखा उघडला. पहिले आठ-दहा ठोके तसेच वाजले. मग एक ठोका वाजलाच नाहीं. भिजलेल्या पखवाजावर थाप पडावी तसा नुसता ‘भद्’ असा आवाज आला. सुतार थांबला, पुढच्या फळीवर सरकला. पुन्हां तसेंच. आम्हीं खालून विचारलें, “काय रे, काय झालें?”

“गुरुजी, जरा वर येतां का?”

शिडी चढून वळचणीशीं पोंचलों. तो म्हणाला, “या शेवटच्या सात फळ्या फणसाच्या नव्हेत. आंब्याच्या आहेत. माझा बा सांगायचा, शेवटीं पैसे कमी पडले आणि पाऊस तोंडावर आला, म्हणून तुमच्या वडिलांनीं उरलेलें आंब्यानें पुरें करायला सांगितलें. तेलानें सगळ्या काळ्या झाल्या, म्हणून खालून कळत नाहीं.”

आम्हांस हें ठाऊक नव्हतें. वडिलांच्या फळ्या म्हणून ज्यांचा अभिमान आम्हीं वाहिला, त्यांत सात आंब्याच्या होत्या. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, हें कोंकणांत पोरालाहि माहीत असतें. परंतु त्या क्षणीं आमच्या मनांत वडिलांचा विचार फार वेळ टिकला नाहीं. पुण्यास कळविलेला तो एक शब्द, ‘ठणठणीत’, डोळ्यांपुढें उभा राहिला. आतां फळ्या बदलावयाच्या म्हणजे लाकूड आणावयाचें, काम लांबणार, खर्च वाढणार; आणि चुलता असून न पाहतां पाहिलें म्हणून कळविलें, हें उघड होणार. वाचकहो, आम्ही जें बोललों तें लिहावयास लाज वाटते. पण लिहावयाचें नाहीं तर हा लेख कशाला? आम्ही म्हणालों, “वरून नवा तक्ता येणारच आहे. सात फळ्यांचें काय एवढें? झांकून जाईल.”

सुतार कांहीं बोलला नाहीं. त्यानें पटाशी उलटी करून मुठीकडून आमच्या हातीं दिली आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्हींच टोंचून पाहा.”

आम्हीं पटाशी फळीवर टेकविली आणि जरासा भार दिला. ती लोण्यांत जावी तशी आंत गेली. फळी संपली तेथेंहि ती थांबली नाहीं. खालच्या वाशाच्या, भिंतीवर टेकणाऱ्या टोंकांत चार बोटें शिरली. वासा ऐनाचा खरा, पण दोन वर्षें फटींतून झिरपणारें पाणी त्याच टोंकाशीं सांचत होतें. शेजारच्या वाशाचीहि तीच गत. पटाशी ओढून काढली तशी त्या भोंकांतून खालच्या खोलींत उजेडाची एक काडी पडली. ती नेमकी वहिनींच्या खाटेच्या उशाशीं पडली होती.

आम्ही खालीं आलों. वहिनी दारांत उभ्या होत्या.

“भावजी, तो कोपरा ना? वर्षभर भुसा पडतो आहे तिथून. रोज सकाळीं झाडून टाकतें.”

“मग वहिनी, सांगितलें कां नाहीं?”

“आधीं थोडाच पडायचा. मग तुम्हींच फळ्या ठणठणीत आहेत म्हणून कळविलेंत. म्हटलें, पाहिलें असेल यांनीं. आणि माझ्या एकटीच्या खोलीसाठीं खर्च काढा, असें कसें म्हणायचें? खाट तेवढी भिंतीपासून हातभर अलीकडे ओढून घेतली.”

त्यांच्या बोलण्यांत दोष देण्याचा सूर मुळींच नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. आमच्या एका शब्दानें नुसतें पुण्याचेंच समाधान झालें नव्हतें. घरांतलें जें एकच माणूस खरें काय तें रोज केरसुणीनें गोळा करीत होतें, त्याचेंहि तोंड बंद झालें होतें. ज्या दादांच्या उशीशेजारीं कौल फुटलें म्हणून वडिलांनीं फळ्या घातल्या, त्याच दादांच्या पत्नीच्या डोक्यावर तीं कुजकीं लांकडें आम्ही नव्या तक्त्याचा जादा भार घालून झांकावयास निघालों होतों.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, आणि जन्मभर शिकविलेला एक धडा पुन्हां पुन्हां मनांत येऊं लागला. संस्कृतांत ‘छद्’ असा धातु आहे. त्याचा अर्थ झांकणें. त्यापासून छत्र, त्यापासूनच छदिस् म्हणजे छप्पर, आणि त्यापासूनच छद्म म्हणजे कपट. छत्रहि झांकतें आणि छद्महि झांकतें. एक माणसाला पावसापासून झांकतें, दुसरें खोटेपणाला माणसांपासून झांकतें. छात्र या शब्दाविषयीं जुन्या वैयाकरणांनीं असें सांगितलें आहे कीं, गुरूंचीं छिद्रें छत्राप्रमाणें झांकण्याचें ज्याचें शील तो छात्र. ही व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत तीस-पस्तीस वर्षें मोठ्या आवडीनें सांगितली. कोणत्याहि गुरूला ती गोड लागावी अशीच आहे. त्या दिवशीं मात्र छपराचीं छिद्रें झांकावयास मजुरी देऊन बोलाविलेल्या आमच्या छात्रानें गुरूचें छिद्र झांकण्याचें साफ नाकारलें. तेंहि एक उणा शब्द न बोलतां, केवळ पटाशी हातीं देऊन. ज्याला आम्हीं संस्कृतांत काठावर उत्तीर्ण केलें, त्याला त्या धातूचा अर्थ आमच्यापेक्षां अधिक कळला होता असें म्हणावें लागतें.

सकाळीं उठून आम्हीं पुण्यास पत्र लिहिलें. हल्लीं पत्र कोणी लिहीत नाहीं. सुताराच्या मुलानें कुजक्या वाशाचीं चित्रें मोबाइलवर घेऊन व्हॉट्सॲपनें आदल्या दिवशींच पाठविलीं होतीं. परंतु हिशेब आणि कबुली यांना कागदच बरा. “फळ्या ठणठणीत असल्याचें आम्हीं कळविलें होतें तें अर्धें पाहून कळविलें होतें. डाग दिसला होता. शिडी लावली नाहीं. खर्च वाढेल,” एवढेंच लिहिलें. घरांतून सूचना आली कीं, वयामुळें दिसलें नाहीं असें लिहावें. तें आम्हीं लिहिलें नाहीं. वयाचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

चिरंजीव त्याच शनिवारीं आले. छपरावर गेले, दोन्ही वासे पाहिले, खालीं उतरून आईच्या खोलींत गेले आणि खाटेवर बराच वेळ बसून राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, “काका, आई तिथें झोंपत होती.” आम्हीं “हो” म्हटलें. याहून अधिक बोलणें त्या विषयावर आमच्यांत झालें नाहीं. त्यानंतर आमच्या कोणत्याहि निरोपावर ते आधीं चित्र मागवितात. आम्हांस वाईट वाटत नाहीं असें म्हणणें खोटें होईल. परंतु तें अन्यायाचें आहे असेंहि म्हणवत नाहीं.

पुढचें काम जसें झालें तसें थोडक्यांत सांगतों. सातहि आंब्याच्या फळ्या काढून त्यांच्या जागीं तेवढ्याच जाडीच्या वाळलेल्या फणसाच्या फळ्या घातल्या. जाडी कमी-अधिक झाली तर वरचा तक्ता डुगडुगतो. दोन्ही वाशांचीं कुजकीं टोंकें कापून काढलीं, आणि प्रत्येकाच्या बगलेस नवें लांकूड असें जोडलें कीं, त्याचें एक टोंक भिंतीवर नीट टेकावें आणि दुसरें चांगल्या लांकडावर दोन-अडीच हात पुढें जावें. मग आरपार बोल्ट घातले. जेथें जुनी फळी वांकून वर आली होती तेथें ती पुन्हां खिळ्यांनीं दाबली, तरीहि उंच राहिलेली कड रंध्यानें उतरविली.

तक्ते आठ फूट बाय चार फुटांचे. ते लांबीनें वाशांवर आडवे टाकावयाचे, आणि शेवट नेमका वाशावर आला पाहिजे. विटांच्या भिंतींत जशी सांध्यावर वीट येते, तसे एका ओळीचे सांधे दुसऱ्या ओळीच्या सांध्यांशीं जुळूं द्यावयाचे नाहींत. दोन तक्त्यांमध्यें तीन मिलिमीटरची फट हवी, कारण आमच्याकडच्या दमट हवेंत लाकूड फुगतें, आणि जागा नसेल तर तक्ते एकमेकांना ढकलून उचलले जातात. सुतार दोन तक्त्यांच्या मध्यें एक खिळा उभा धरी, तक्ता ठोकून झाला कीं तो काढून घेई. हीच त्याची फूटपट्टी. कडेला सहा-सहा इंचांवर आणि मध्यें वाशावाशावर फुटाफुटावर खिळे. मग वळचणीकडून सुरुवात करून, वरचा पट्टा खालच्यावर चढेल असा, पाणी अडविणारा पण आंतली वाफ बाहेर सोडणारा पडदा पसरला. त्यावर प्रथम वाशांच्या रेषेंत उभ्या पट्ट्या, आणि मग त्यांच्यावर आडव्या रिपा. उभ्या पट्ट्यांची युक्ति विसरूं नये. त्या नसल्या तर कौलांखालीं शिरलेलें पाणी आडव्या रिपेशीं अडून सांचतें. त्या असल्या म्हणजे पाणी रिपेखालून वाहून वळचणीला जातें, आणि वाराहि खेळतो.

एका संध्याकाळीं वळीव कोसळला. ताडपत्री होती, तरी आढ्याकडील कांहीं फळ्या भिजल्या. आम्हांस पावसाची घाई झालेली. पण सुतारानें दोन दिवस काम बंद ठेविलें आणि उन्हांत फळ्या सुकूं दिल्या. “ओलें झांकलें तर आंत कुजतें, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला. आम्हीं या वेळीं मान हलविली.

पश्चिमेच्या पाख्यावर शेवटचा तक्ता बसण्यापूर्वीं आम्हीं त्याच्याकडून त्याची जाड पेन्सिल मागून घेतली, आणि जुन्या फळीवर लिहिलें: ‘या पाख्यांत वळचणीकडील सात फळ्या २०२२ सालीं नव्या घातल्या. दोन वासे जोडलेले आहेत, जोड येथें.’ आणि बाण काढले. वडिलांनींहि १९६८ सालीं अडचणीपोटीं आंबा घातला, यांत त्यांचा कांहीं अपराध आम्हांस दिसत नाहीं. पाऊस तोंडावर होता आणि मुलें उघड्या छपराखालीं होतीं. परंतु कोठें तरी तें लिहून ठेविलें असतें, तर तो कोपरा आम्ही दरसाल आधीं पाहिला असता. नवें छप्पर जुन्या फळीला झांकणारच. मात्र पुढें जो तें उघडील त्याला आंत खरें काय तें वाचावयास मिळालें पाहिजे. सुतारानें तो मजकूर वाचला, ‘वळचणीकडील’मधील आमची एक राहून गेलेली वेलांटी दाखविली, आणि तक्ता ठोकला.

आपल्यापैकीं कोणी जुन्या घरावर असें काम काढणार असेल, तर फळी काठीनें ठोकून समाधान मानूं नये. प्रत्येक पाख्याच्या वळचणीशीं, भिंतीच्या टेंकणाशीं, पन्हळीच्या कोपऱ्यांत पटाशी टोंचून पाहावी. विशेषतः ज्या खोलींत शिडी लावणें गैरसोयीचें असेल तेथें. आणि छताखालीं जें माणूस रोज झाडतें त्याला आधीं विचारावें. घराची खरी हकीकत बहुधा त्याच्याच सुपलींत असते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पाऊस लागला. पहिल्या रात्रीं पश्चिमेचा वारा सुटला आणि कौलांवर पाण्याचा तो जुना, ओळखीचा, दबका आवाज सुरूं झाला. आम्ही कंदीलवजा बॅटरी घेऊन खोल्याखोल्यांतून छत पाहत फिरत होतों. वहिनींच्या खोलीचें दार ओढलेलें होतें. आंतून फरशीवर लांकूड घासल्याचा आवाज आला. खाट पुन्हां भिंतीकडे सरकत होती.